दारातली हरवलेली घोडी

"ताई, माझी घोडी हरवली," चांदबी म्हणाली. "दारातच बांधून हाय, पण हरवली!"

वैजनाथच्या हातातला कप बशीवर आपटला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून, घरी बोलायला भिंतींशिवाय कुणी नसल्यामुळे, तो रोज बुलढाण्याच्या बसस्टँडसमोरच्या या छोट्याशा कचेरीत येऊन बसायचा. कचेरी सिंधूताईंची. खासगी तपास करणाऱ्या सिंधूताईंनी विहिरीवरच्या मोटारी शोधल्या होत्या, पळालेल्या सुना शोधल्या होत्या, एकदा तर ऐन मांडवातून गायब झालेला अख्खा नवरदेव शोधून दिला होता. पण दारात बांधलेली आणि तरीही हरवलेली घोडी? हे नवंच होतं!

"बसा. सुरुवातीपासून सांगा," सिंधूताई म्हणाल्या.

अमडापूरच्या धवलशेठने ही घोडी विलायतेतून, थेट आयर्लंडहून विकत आणली होती. बीटी कपाशीचं बियाणं तेव्हा नवं नवं आलं होतं आणि शेठची जिनिंग रात्रंदिवस धडधडत होती. पुढे जिनिंगला कुलूप लागलं आणि शेठने घोडी चांदबीच्या नवऱ्याला, वाहेदला विकली. कागदावर मात्र नाव शेठचंच राहिलं.

"मग आमीरचे अब्बा तापानं गेले. आमीर, माहा पोरगा, सुरतेले कामाले. म्या म्हटलं, घोडी आता माह्या नावावर करून घेऊ. तर जनावराचे डाक्टर तपासाले आले. घोडीचा पासपोर्ट असते ताई! माह्या सात पिढीत कोणाचा नाही, तिचा हाय."

"आणि पासपोर्टात?"

"गडद तपकिरी, जवळजवळ काळी. कपाळावर डावीकडं झुकलेला पांढरा चांद, नाकावर पांढरा पट्टा. अन् दारातली, घरी आली तवापासून, नखशिखांत पांढरी!" चांदबीने पदराने तोंड पुसलं. "माहा देवर अकरम म्हणते, भाऊनं विलायती घोडी मेहकराहून आणताना वाटेतच विकून खाल्ली, अन् दारातली पांढरी त्याची हाय, दया करून दिली होती. परवा पंच घेऊन येऊन राह्यला. घोडी तर जाईनच, पण ते... ते चोर ठरतीन."

"तुम्हाला काय वाटतं?"

"रोज तिच्यासंगं बोलत होते मी. आता माहं तोंड उघडत नाही. वाटते, कोण हाय ही?"

बसमध्ये वैजनाथने ऐटीत आपला जुना पास काढला. कोवळ्या कंडक्टरने आधी फोटो पाहिला, मग वैजनाथ पाहिला.

"काका, हा कोण हो? याच्या मिशा तर काजळासारख्या हायेत!"

"मीच तो बे! केस पिकले म्हणून माणूस बदलते काय?"

सगळी बस हसली. सिंधूताईंनी मात्र पास हातात घेतला आणि अमडापूर येईपर्यंत परत दिला नाही.

कपाशी लागोपाठ बुडाली होती. चांदबीच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलपं दिसत होती. शेवटच्या घरासमोर घोडी उभी होती, एकटीच. माणसांची चाहूल लागताच तिने मान वळवली आणि चांदबीकडे पाहत राहिली. चांदबीने नजर फिरवली.

सिंधूताईंनी घोडीचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. ओठांभोवतीची कातडी कोळशासारखी काळी होती. नाकपुड्यांच्या मधोमध तेवढा एक गुलाबी पट्टा होता, सोलपटलेला.

"उन्हानं जळते तेवढंच," चांदबी म्हणाली. "ते खोबरेल लावत होते."

"वैजनाथभाऊ, पाहिलंत?"

"पाहिलं की. मलमपट्टी करायला पाहिजे."

"धन्य आहात!"

धवलशेठ बंद जिनिंगच्या ओसरीवर बसले होते. अंगणात सरकीची टरफलंसुद्धा उरली नव्हती.

"मी खुद्द बसलो होतो तिच्यावर, जिनिंगच्या मुहूर्ताला. काळी कुळकुळीत! सगळ्या गावाने पाहिली आहे. पुढच्याच साली मेहकरला ठेवायला दिली, अकरमकडे. तिथूनच वाहेदने नेली. मधल्या काळात मी फिरकलो नाही."

"चाऱ्याचा खर्च तुमचाच?"

"छे! वराती करून ती आपलं पोट आपण भरते, असं अकरमच निरोप धाडायचा. मी म्हटलं, बरंच झालं."

मेहकरला अकरमच्या तबेल्यात जरीच्या झुली धूळ खात टांगल्या होत्या. कपाशी गेली की लग्नं पुढे ढकलली जातात, आणि उरलेली लग्नं ज्याच्याकडे देखणी घोडी त्याच्याकडे जातात. अकरमकडे दोन म्हाताऱ्या घोड्या होत्या.

"भाऊ होता माहा, काय बोलू?" त्याने उसासा टाकला. "विलायती काळी नेली, माही पांढरी बी नेली. घरी एकच पोचली."

"ती काळी तुमच्याकडे काय करायची?"

"काय करते? नुसती उभी! आपल्याकडं वरातीले पांढरीच लागते बाई. काळीवर कोणता नवरदेव बसते? अपशकून म्हणून नवरीची माय दारातून हाकलून देईन! नेली त्या दिवशी बी काळीच होती. जशी आली, तशी दिली."

बाहेर येताच वैजनाथ म्हणाला, "बरोबर बोलतो हो हा. वाहेदनेच घोळ केला, दुसरं काय?"

"तुमची मिशी काळी होती तेव्हा तुम्ही हुशार होता का हो?" सिंधूताई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी चांदबीच्या अंगणात पंच आले, अकरम आला, शेठ आले आणि सिंधूताईंनी बोलावलेले डॉक्टरही पासपोर्ट घेऊन आले. अकरमने सोबत दोरखंड आणला होता.

"बादलीभर पाणी द्या," सिंधूताई म्हणाल्या.

"घोडी धुवायची आहे?" वैजनाथने विचारलं.

"घोडी ओळखायची आहे. वैजनाथभाऊंचा पास पाहिला आणि मनात आलं, माणसाचे केस पिकतात, तर घोडीचे का नाही? डॉक्टर, काही घोड्या काळ्या जन्मतात आणि वर्षावर्षाला पांढऱ्या होत जातात, खरं?"

डॉक्टर चमकले. "खरं आहे! शिकताना वाचलं होतं. पण इकडे आमच्या हाताखालून गाई-म्हशीच जातात. डोक्यातच आलं नाही."

"केसांचा रंग जातो, कातडीचा जात नाही. काळ्या केसांखाली कातडी काळी असते. जन्मापासून जिथे पांढरं चिन्ह असतं, तिथे गुलाबी. नाकावरचा पट्टा मी त्या दिवशीच पाहिला. बाकीचं केसांनी झाकलंय."

त्यांनी घोडीच्या कपाळावर सावकाश पाणी सोडलं. पांढरे केस ओले होऊन चपटे बसले आणि खालची काळी कातडी वर आली. मग त्या काळ्यात एक गुलाबी चांद उमटला, डावीकडे झुकलेला.

डॉक्टरांनी पासपोर्टातलं चित्र शेजारी धरलं. पंच पुढे सरकले.

"ही शेठची विलायती घोडी," सिंधूताई म्हणाल्या. "दुसरी पांढरी कधी नव्हतीच. गावाने तिला आधी काळी पाहिली, नंतर पांढरी. मधली वर्षं फक्त एका माणसाने पाहिली. अकरमभाई, काळीवर नवरदेव बसत नाही ना?"

"न्नाही."

"मग वराती करून पोट भरते, असे निरोप शेठना कसे धाडलेत? वरात केली म्हणजे ती तुमच्याच तबेल्यात पांढरी झाली. हे ठाऊक असून तुम्ही म्हणालात, जशी आली तशी दिली. कागद जुळत नाही हे कळलं, आणि तुम्हाला फुकटात देखणी घोडी दिसली."

अकरमच्या हातातला दोरखंड खाली पडला. "भाभी, धंदा बसला वं पुरा..."

"धंदा बसला म्हणून मेल्या भावाले चोर केलं?" चांदबी म्हणाली. आवाज चढला नाही, पण अकरमने मान वर केली नाही. तो पंचांच्या आधीच निघून गेला.

शेठने सही केली. डॉक्टरांनी तपासणीचा शेरा लिहिला आणि अर्जावर नव्या मालकाच्या जागी चांदबीचं नाव घातलं. अंगण रिकामं झालं. वैजनाथ चप्पल विसरला म्हणून परत वळला आणि कुडाच्या आडच थांबला.

चांदबी घोडीजवळ गेली होती. किती दिवसांनी! तिने ओल्या कपाळाला कपाळ टेकवलं.

"तुहा मालक बदलला वं," ती हळूच म्हणाली. "ते नाही येत आता. मीच हाय."

घोडीने मान तिच्या खांद्यावर ठेवली. तेव्हा कुठे, वाहेद गेल्यानंतर पहिल्यांदाच, चांदबी मोकळेपणी रडली. वैजनाथ अनवाणीच बसकडे चालू लागला.