मागणारं तोंड

सोमवारी दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर ताई बावीस चादरींचा गठ्ठा उचलून जुन्या कोठीकडे निघाली. काम रोजचंच होतं. इस्पितळातल्या फाटक्या चादरी, उसवलेले झगे, बाळांची दुपटी असं सगळं तिच्या शिलाईखोलीत यायचं. त्यांना ठिगळं लावायची, टिपा मारायच्या, घड्या करायच्या आणि कोठीत नेऊन रचायचं. अकरा वर्षं हेच चाललं होतं. सगळं इस्पितळ तिला शिलाईताई म्हणायचं. शिलाईखोलीत मशीनशेजारी एक टोपली असायची आणि टोपलीत धाकट्या बहिणीचं बाळ. हे मात्र नवीन होतं. आत्ता ते बाळ वजनासाठी मोठ्या सिस्टरकडे होतं, म्हणून चादरींना ताईचे दोन्ही हात मोकळे होते.

बाळ दोन महिन्यांचं, वेळेआधी आलेलं. सगळे त्याला मूठभर म्हणायचे, कारण होताच तो तेवढा. त्याची आई, म्हणजे ताईची धाकटी, बाळंतपणानंतर जी आजारी पडली ती अजून खालच्या वॉर्डात पडून होती. तिची औषधं इतकी जहाल होती की तिचं दूध बाळाला चालणार नव्हतं. बाटलीचं मूठभरला सोसत नव्हतं. जेवढं आत जायचं त्याच्या दुप्पट बाहेर यायचं. वॉर्डातल्या दुसऱ्या बायांचं जास्तीचं दूध इस्पितळ देत होतं, पण तेही महिनाअखेरपर्यंतच. पुढे काय, असं ताईनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. याचं वजन आणखी उतरायला अंगावर काही शिल्लकच नाही, म्हणाले.

मग मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "तुम्ही पाजा. आटलं म्हणजे संपलं असं नसतं. दूध मागणीवर येतं. मागणारं तोंड असलं, की अंग ऐकतं."

ताई हसली होती. तिच्या मुलीनं, भिंगरीनं, अंगावरचं सोडून सात वर्षं झाली होती. भिंगरी आता नऊ वर्षांची होती आणि आईचं म्हणणंसुद्धा प्यायला तयार नव्हती. पण धाकटीनं पलंगावरून नुसतं बघितलं आणि ताईचं हसू जागच्या जागी विरलं.

त्याला आज अठरा दिवस झाले होते. अठरा दिवस बाळाला छातीशी धरायचं, शेजारी बारीक नळी चिकटवायची, म्हणजे वाटीतलं परकं दूध त्याच्या तोंडात जाईल आणि तोंड ओढत राहील. वर दिवसातून आठ वेळा दूध काढायचं यंत्र लावायचं. ते घुर्र घुर्र करून जीव ओढायचं आणि बाटलीच्या तळाला एक थेंब ठेवायचं. तोही घामाचा असावा, असा तिला दाट संशय होता. पाठ मोडली होती, हूक लावून लावून बोटं दुखत होती, आणि जो भेटेल तो विचारायचा, आलं का? नवरा कामावरून फोन करून विचारायचा, आलं का? जसं काही नळाला पाणीच यायचं होतं. सासूबाईंचं निदान तयार होतं. सून पान्हा चोरतेय, मनापासून बसत नाही. ताईला गायीच्या रांगेत बसवल्याचा राग आला, आणि त्याहून राग आला तो याचा, की गाय निदान चोरायला काही बाळगून असते. शेजारीण उसासा टाकून म्हणाली, माय मरो पण मावशी जगो. माय जिवंत आहे, खालच्या वॉर्डात आहे, जाऊन भेटा, असं ताईनं तिला सुनावलं. तेव्हापासून शेजारीण बोलत नव्हती. तेवढाच काय तो फायदा.

कोठी म्हणजे पूर्वीचा कसलातरी वॉर्ड. लांबच लांब खोली, पलंग कधीच काढलेले, पण त्यांच्या पायांचे गंजाचे ठसे फरशीवर अजून दोन रांगांत होते. आता तिथे मांडण्या होत्या. भर दुपारीही आत उजेड जपूनच यायचा. फिनेलचा वास, जुन्या सुताचा वास, आणि त्या सगळ्याखाली एक आंबूस वास, धुवायची राहिलेली दुपटी असावीत तसा. ताईनं तिसऱ्या मांडणीपाशी गठ्ठा ठेवला, वरची चादर उचलली, आणि तिच्या छातीत मुंग्या आल्या.

आधी मुंग्या, मग ताठरपणा, मग आतून कुणी दोरी ओढावी तशी ओढ. क्षणभर तिला कळेचना. पान्हा फुटणं म्हणजे काय हे ती विसरून गेली होती. अंग विसरलं नव्हतं. बघता बघता ब्लाउज भिजला, पदर भिजला, वरच्या दोन चादरी भिजल्या. ताई तिथेच उभी राहिली आणि आनंद व्हायच्या आधी तिला संताप आला. घरी खुर्ची आहे, उशी आहे, यंत्र आहे, बाळ आहे. आणि यायचं ते इथे, धुळीत, ना बाळ जवळ ना बाटली. शिवाय दोन चादरी धुण्यात गेल्या.

ती धावत वर गेली, मूठभरला घेतलं, शिलाईखोलीची कडी लावून बसली. टिपूस नाही. रात्रभर घरी बसली. टिपूस नाही. मंगळवारी झगे ठेवायला कोठीत गेली आणि पुन्हा भिजली. बुधवारी मात्र ती टोपली घेऊनच गेली. उलट्या घमेल्यावर बसून तिनं मूठभरला लावलं आणि सात वर्षांनी घोट गिळल्याचा आवाज ऐकला. गटक, थांबा, गटक. नळी नाही, वाटी नाही. ताई रडली. रडताना नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून परत चिडली.

तीन दिवसांत मूठभर एकशे दहा ग्रॅम वाढला. मोठ्या सिस्टरनी काट्याकडे दोनदा पाहिलं. जिथे येतं तिथे बसा, म्हणाल्या, अंगाचे पण लाड असतात. कुठे बसता ते विचारलं, ताईनं सांगितलं, तशा त्या वजन लिहिता लिहिता थांबल्या.

"तिथे पूर्वी बाळं ठेवायचो आम्ही…"

"कुठली?"

"ज्यांना न्यायला कुणी यायचं नाही, ती." मग त्यांनी आकडा पुरा केला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

ताईच्या लक्षात काही येत नव्हतं असं नाही. पान्हा बाळाच्या रडण्यानं फुटतो, हे तिला माहीत होतं. पण इथे मूठभर गाढ झोपेत असला तरी फुटायचा. कुलपात किल्ली फिरली की फुटायचा. एकदा बाळ वर सिस्टरकडे असतानाही फुटला. हे नेमकं कुणाच्या हाकेला ओ देतंय, असा प्रश्न तिच्या मनात आला होता. तिनं तो बाजूला ठेवला. घाबरायचं तर निवांत बसून घाबरावं लागतं, आणि निवांतपणा तिच्या वाट्याला आलाच कुठे होता?

शनिवारी शाळा अर्धी, म्हणून भिंगरी बरोबर होती. ताई घमेल्यावर बसली, मूठभर पिऊन झोपला. भिंगरी थोडा वेळ गंजाच्या ठशांवरून उड्या मारत होती. मग ती थांबली. तिनं दोन्ही कानांत बोटं घातली.

"काय झालं?"

"आई… याचं झालं ना पिऊन?"

"झालं की. झोपला बघ."

"मग दुसऱ्याला घे ना. किती रडतंय ते…"

ताईला काही ऐकू येत नव्हतं. खिडकीची काच वाऱ्यानं वाजत होती तेवढंच. पण छातीत मुंग्या होत्या, दोन्हीकडे, नव्यानं. मूठभर मांडीवर झोपला होता आणि दूध येतच होतं.

"कुठे रडतंय?" तिनं हळूच विचारलं.

भिंगरीनं कानातलं बोट काढून दाखवलं. मांडण्यांकडे नाही, दाराकडे नाही. ताईच्या पायांजवळच्या फरशीकडे.

इथे दुसरी कुणी असती तर लेकरं उचलून पळाली असती, आणि तेच शहाणपणाचं झालं असतं. पण उद्या रविवार होता. रविवारी कोठीला कुलूप, आणि आज महिनाअखेर. वॉर्डाचं दूध आज बंद. उद्या या पोराला काय पाजायचं, हे भीतीला विचारून कळणार नव्हतं. तीन आठवड्यांचं जागरण, सासूबाई, शेजारीण, घुर्र घुर्र, सगळं एकदम तिच्या डोक्यात गेलं, आणि चिडलेली बाई जे करते तेच तिनं केलं. बोलून बसली.

"हे बघ," ती फरशीकडे बघून म्हणाली, "उद्या इथे कुलूप आहे. तुझ्यासाठी मला रोज इथे येता येणार नाही. प्यायचं असेल तर घरी ये. रांगेत राहायचं, याचं झाल्यावर तुझं. जमत नसेल तर दोघं राहा उपाशी."

काच वाजायची थांबली. भिंगरीनं दुसरं बोटही काढलं.

"थांबलं," ती म्हणाली. घरी जाताना ती नेहमीसारखी आईच्या डाव्या बाजूला आली नाही. उजवीकडून चालली.

रविवारी सकाळी घरच्या खुर्चीत दूध आलं. भरभरून आलं. नवऱ्यानं आलं का विचारायच्या आधी आलं. सासूबाई म्हणाल्या, बघ, मनापासून बसलीस की नाही. मूठभरला ती उजवीकडे पाजत होती. एकीकडे पाजलं की दुसरीकडून गळतं, हे पाजणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून तिनं डावीकडे चौपदरी फडकं धरलं होतं. डावीकडेही ओढ लागत होती, चांगली जोराची, मूठभरपेक्षा भुकेली. पाजून झाल्यावर तिनं फडकं बघितलं. ते कोरडं होतं.

असे अडीच महिने गेले. मूठभरचा मूठभरपणा गेला, मांड्यांना वळ्या आल्या. नवऱ्यानं घरी एक वजनकाटा आणला होता. रोज सकाळी ताई बाळाला घेऊन काट्यावर उभी राहायची, मग नवऱ्याच्या हाती बाळ देऊन एकटी, आणि आकड्यातून आकडा वजा करायची. तिचं स्वतःचं वजन कधी हललं नाही. अठ्ठावन्न किलो सहाशे. मूठभर साडेपाच किलोंचा झाला आणि धाकटी स्वतःच्या पायांवर चालत दारात आली. बाळ तिच्याकडे टकामका बघत राहिलं, मग हसलं. धाकटीनं ताईचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. ताई म्हणाली, पुरे, गरज सरो वैद्य मरो, ने तुझं पार्सल. आणि त्या रात्री मोरीत नळ सोडून पोटभर रडली, कारण त्या पार्सलवर तिचा जीव जडला होता.

सिस्टरनी सांगितलं होतं, मागणारं तोंड गेलं की आठ-दहा दिवसांत आटेल. उजवं सहाव्या दिवशी आटलं. डावं आटेना. चौथ्या आठवड्यातही, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वेळ झाली की मुंग्या, ओढ, आणि कोरडं फडकं. ताई वैतागून गेली होती. आता घरात आलं का असं कुणी विचारत नव्हतं. जात का नाही, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या दिवशी नवरा काटा माळ्यावर टाकायला निघाला. सहज म्हणून ताई त्यावर उभी राहिली. एकसष्ट किलो चारशे.

"बिघडलाय," नवरा म्हणाला. तो स्वतः उभा राहिला. त्याचं बरोबर दाखवत होता. ताई पुन्हा चढली. एकसष्ट चारशे.

"असा काय वाकडा धरलायस हात? जरा सरळ उभी राहा की."

ताईनं खाली बघितलं. तिचा डावा हात कोपरात वळलेला होता आणि तळवा वर होता. कधीपासून तसा होता, तिला सांगता आलं नसतं. इतक्या दिवसांच्या सवयीनं तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. दोन किलो आठशे. परवाही ती अशीच एकटीनं उभी राहिली होती. तेव्हा काट्याची चूक समजून सोडून दिलं होतं. तेव्हा वजाबाकी दोन किलो सातशे आली होती.

वजन धरतंय, असं तिच्या मनात आलं. त्याबरोबर जिवाला जे बरं वाटलं, त्याचा तिला भयंकर राग आला.

"अगं, हात सोड ना खाली," नवरा म्हणाला.

ताईनं सोडून बघायचं ठरवलं. हात इंचभर खाली गेला, आणि तिच्या तळव्यावरचा भार कलंडला. तिनं पटकन दुसरा हात त्याखाली धरला.

"हळू बोला जरा," ती म्हणाली.