दोन सह्यांचं खातं

कान्हूला या व्यवहारातून मिळणार होतं ते एवढंच – बँकेत जायचं त्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी. मानधन नाही, एसटीचं भाडं नाही. पण उन्हाळ्यात पेणच्या गणपतींच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते, आणि खाडीवरच्या मिठागरवाल्यांचा कान्हू तर तिथे मूर्तींचे डोळे आखणारा. त्यामुळे उन्हाळी शिबिराच्या खात्यावर कुंभार आळीतर्फे सही करायला माणूस हवाय म्हटल्यावर त्याने सगळ्यात आधी हात वर केला. पोरांच्या कल्याणाचा विचार त्याच्या मनात नव्हता असं नाही. दुसऱ्या नंबरावर होता.

साल एकोणीसशे शहाण्णव. आळ्यांतली पोरं सुट्टीत उन्हातान्हात उंडारतात, त्यांना मातीच्या मूर्ती घडवायला शिकवा म्हणून एका समाजनिधीने दहा हजार रुपये मंजूर केले होते. पाच-पाच हजारांचे दोन हप्ते. पेणची तीस पोरं, आणि रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीतली अडतीस. निधीचे सचिव हैबतराव स्वतःच्या चष्म्यावरही विश्वास न ठेवणारे. वाचताना काढून तीनदा पुसायचे. त्यांनी खातं उघडलं ते पेणलाही नाही आणि रोह्यालाही नाही, मधोमध नागोठण्यात. नियम असा की पेणची एक सही आणि रोह्याची एक सही, दोघांनी बँकेत समोर उभं राहून करायची. दोघं एकमेकांचे नातलग नसावेत. वीस मैलांवरची अनोळखी माणसं संगनमत करत नाहीत, असं हैबतरावांचं गणित होतं.

गणितात एक मुलगी असेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

बँकेत गर्दी होती. पंखा नुसता फिरत होता, वारा देत नव्हता. काउंटरला दोरीने बांधलेलं एकच बॉलपेन, आणि त्याच्यासाठी दोन हात एकदम पुढे आले. एक शाडूने माखलेला, एक काचेच्या बांगड्यांचा.

"अहो, बघा की! माझ्या स्लिपवर अख्खा अंगठा उमटवलात!"

"सुकला की झडंल तो. शाडू हाय."

"शाडू काय नि चिखल काय, स्लिप तर गेली! घरी हात धुवायला पाणी नाय का?"

"पानी हाय. पन गाडी सुटली असती..." कान्हू बोलता बोलता थांबला. समोर दोन डोळे होते. रागावलेले, काळेभोर, शेवटाला किंचित वर वळलेले. वर्षाला तीन हजार मूर्तींचे डोळे आखणाऱ्या माणसाला असे डोळे एकदाही जमले नव्हते.

तेवढ्यात आतून कारकुनाने हाक मारली, "उन्हाळी शिबिर! दोन्ही सह्या आल्या का?"

"आली," ती म्हणाली.

"आलो," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांचंही तोंड उघडंच राहिलं.

ती सरू. अष्टमीच्या महिपतीची मुलगी, बारावी झालेली, अडतीस पोरांची 'ताई'.

"किती काढायचे?" कान्हूने विचारलं.

"सगळे काढू. पाच हजार. परत परत कोण येणार एवढ्या उन्हात?"

"व्हय. कोन येनार..." त्याने स्लिप ओढली. लिहायला लागला आणि थांबला.

सरूही थांबली होती. पदराशी चाळा करत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ती अगदी सहज म्हणाली, "पण एकदम एवढी रक्कम... जवळ ठेवायची म्हणजे जोखीमच नाय का?"

कान्हूने तिच्याकडे बघितलं. ती कॅलेंडरकडेच बघत होती. कान मात्र लाल झाले होते.

"मोठी जोखीम," तो म्हणाला. आणि त्याने आकडा लिहिला – चारशे.

त्यानंतर ती दोघं फार जबाबदारीने वागली. जे काम एका स्लिपमध्ये उरकलं असतं ते त्यांनी वीस दिवसांत अकरा स्लिपांत केलं. पोह्यांना तीनशे. रंगांना दोनशे दहा. पैसे काढून झाले की स्टँडवर ताडगोळेवालीजवळ बसायचं. तो सोलायचा, ती खायची. ताडगोळ्याचं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, आणि दोघांच्या गाड्या डोळ्यांसमोरून निघून जायच्या.

"तुमचे डोळे एकदा कारखान्यात आणून बसवायला पायजेत," कान्हू म्हणायचा. "म्हंजे बघून काढता येतील."

"मी काय मूर्ती हाय?"

"मूर्ती एवढी बोलत नाय."

"आणि तुम्ही काही बोलतच नाय," सरू एकदा म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली. "येता, सही करता, ताडगोळे सोलता... आणि गाडी आली की पळता."

कान्हूने तोंड उघडलं. "सरू, मला..." नेमकी रोह्याची गाडी लागली. "...मला वाटतं बुधवारी शंभर काढू."

सरूने गाडीच्या खिडकीतून असं काही बघितलं, की त्या रात्री कान्हूने चार गणपतींना रागीट डोळे काढले.

दुसऱ्या हप्त्याची वेळ आली तेव्हा हैबतरावांनी दोघांना रोह्याच्या कार्यालयात बोलावलं. टेबलावर पासबुक, पावत्यांचा गठ्ठा. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

"अकरा वेळा? खातं आहे की पाणपोई?"

त्यांनी पासबुकाचं पान उलटलं.

"सतरा तारखेला पंचवीस रुपये. पंचवीस! कशाला?"

"खडूंना," सरू म्हणाली.

"खडूंसाठी हे गृहस्थ पेणहून नागोठण्याला आले? पेणला खडू मिळत नाहीत?"

"पांढरे मिळतात," कान्हू हळूच म्हणाला. "रंगीत..."

"मी रात्रभर बसून सगळं ताडून पाहिलं," हैबतरावांनी आवाज खाली आणला. "एक पैसा इकडचा तिकडे नाही. म्हणूनच घाबरलोय. पैसे खाणारी माणसं मला कळतात हो. न खाता एवढी धावपळ करणारी कळत नाहीत!"

त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. दुसऱ्या हप्त्याआधीचं प्रतिज्ञापत्र. गेल्या पंधरवड्यात दुसऱ्या एका गावात दोन सहीवाल्यांचं मध्येच लग्न ठरलं, आणि मुलांच्या खाऊचे पैसे लग्नाच्या मांडवात गेले. तेव्हापासून नवा नियम – 'आम्ही एकमेकांचे नातलग नाही, आणि आमच्यात तसे नाते जुळणार नाही.' दोघांनी सही करायची. नाही केली तर पुढचे पाच हजार निधीकडे परत.

सरूने कागद वाचला. अष्टमीच्या शाळेत अडतीस मूर्ती अर्ध्या घडवून ओल्या फडक्याखाली ठेवल्या होत्या. सोंडा व्हायच्या होत्या. शिबिर आज बंद पडलं तर तडकून जातील सगळ्या... आणि शेजारचा हा माणूस तर वीस दिवसांत एक वाक्य पुरं करू शकला नव्हता. तिने कान्हूकडे न बघता झर्रकन सही केली.

"शाब्बास. आता तुम्ही."

कान्हूने पेन उचललं. ठेवलं.

"मी नाय करनार."

"का?" हैबतराव दचकले.

"खोटं हाय ते." त्याने कागद मागे सरकवला. "गुरवारी माजी आई येनार हाय. अष्टमीला. महिपतीकाकांकडे."

"आमच्याकडे?" सरू गर्रकन वळली. "कशाला?"

"मागनी घालायला."

हैबतरावांचा चष्मा नाकावरून घसरून पासबुकावर पडला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"कुणाला मागणी?" सरूने विचारलं.

"तुझ्या घरात आनखी कोन हाय?"

"आणि मला विचारलंस?"

"विचारायलाच तर यायचो गो! अकरा वेळा आलो. परत्येक येळी घशाशी यायचं... आनि पैसे काढून परत जायचो."

सरूला आधी हसू आलं, मागोमाग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग सणसणीत राग.

"पण मी सही केली ना आत्ता! नातं जुळणार नाय म्हणून!" तिने कागद ओढला आणि टराटरा फाडला.

"फाडू नका!" हैबतराव भानावर आले. "अहो, गुरुवार पुढे ढकला की. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आज सही करा, जूनमध्ये काय ते करा. मी डोळे मिटतो."

"आईला थांबवीन," कान्हू म्हणाला. "पन 'जुळनार नाय' असं माज्या हातानं नाय लिवनार. मंग तुमचे पाच हजार जावंदेत."

"जावंदेत? माझी अडतीस पोरं आहेत!" सरू कडाडली. आणि लगेच, अगदी हळू आवाजात हैबतरावांकडे वळून, "दुसरा कागद देऊ नका. मी पण नाय करणार."

हप्ता गेला.

महिपती संध्याकाळी ओटीवर वाल निवडत बसला होता. सरू समोर येऊन बसली.

"आबा, माझ्या लग्नाला तुम्ही किती धरलेत?"

"आठ हजार. का गो?"

"त्यातला बँड, मांडव नि जिलेबी काढली तर किती वाचतील?"

"पाच तरी वाचतील."

"ते उद्या द्या. शिबिराला."

"आनि लगीन?"

"ते होईल तसंच. गुरवारी बघायला येतायत."

महिपतीच्या हातातलं सूप कलंडलं, वाल ओटीभर पांगले. "कोन येतंय? कुठलं?"

"पेणकडचे. खाडीवरचे. मिठागरवाले."

"मिठागरवाले?" तो उठून उभा राहिला. "आपन भातवाले मानसं! आपल्यात कदी कुनी दिली हाय तिकडं पोरगी?"

"भात कधी बिनमिठाचा खाल्लाय का, आबा?"

महिपती पांगलेले वाल वेचायला बसला. पाच हजार त्याने दुसऱ्या दिवशी काढून दिले, पण गुरुवारपर्यंत तिच्याशी बोलला नाही. गुरुवारी कान्हूची आई धोंडुबाई आली, कान्हूला आणि दोन पायली जाडं मीठ घेऊन. महिपतीने पाणी दिलं, पण तोंड वळवूनच.

"देन्याघेन्याचं बोला," तो भिंतीला म्हणाला. "माज्याकडं तीनच हजार उरलेत. पाच या पोरीनं पोरांवर उधळले."

"कसले पाच?" धोंडुबाईने विचारलं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सरूने सांगितलं, मान खाली घालून, सहीपासून जिलेबीपर्यंत. धोंडुबाई आ वासून ऐकत राहिली. मग तिने आपल्या लेकाच्या पाठीत एक धपका घातला.

"मुडद्या! सही केली नाय ती तू, नि बँड इकला तिनं?" ती महिपतीकडे वळली. "दादा, मला देनंघेनं काय नको. ही पोरगी मी आज घेऊनच जानार होते, पन तिची पोरं हायत म्हनं अडतीस. ती सुटली की पाठवा."

महिपतीने पहिल्यांदा मान वळवली. "चा पिनार का?" त्याने विचारलं.

बाहेर पडवीत कान्हू पाठ चोळत होता. सरू दाराशी आली.

"आता तरी विचारशील? नीट?"

"सरू..." तो म्हणाला. गाडी नव्हती, कारकून नव्हता, हातात स्लिप नव्हती. "माज्याशी..."

"हो," ती म्हणाली. याच्या वाक्याचा शेवट होईपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

शिबिर मेअखेर पुरं झालं. अडुसष्ट मूर्ती झाल्या, अडुसष्ट सोंडांसकट. जूनमध्ये लग्न लागलं, मांडवाविना, देवळाच्या सभामंडपात.

आता जमाखर्च. समाजनिधीचे पाच हजार वाचले आणि हैबतरावांना प्रामाणिकपणाबद्दल शाल मिळाली. महिपतीने आठच हजार धरले होते, आठच गेले. धोंडुबाईचं दोन पायली मीठ गेलं. तोट्यात राहिले ते दोन्ही गावांचे मिळून अडीचशे वऱ्हाडी. जिलेबीच्या आशेने आले, वालाचं बिरडं आणि भात जेवले, बँड कुठाय म्हणून एकमेकांना विचारत राहिले... आणि जाताना आहेराचं पाकीट ठेवून गेले.