शिखराखालचा गरम पेला

शिखरावर पोहोचायचं आणि तिथे बसून गरम व्हिस्की प्यायची, एवढ्यासाठी मामा आणि त्याची भाची पाच दिवस बर्फ तुडवत होते. मामा म्हणजे तीस वर्षं एका बारच्या काउंटरमागे उभा राहिलेला बारमन. याच डोंगराने त्याला आधी दोनदा परत पाठवलं होतं. आता गुडघ्यांनीच हात टेकले होते, त्यामुळे ही शेवटची खेप. भाची गिर्यारोहण शिकवायची. वाट तिची आणि स्वयंपाक मामाचा, अशी वाटणी ठरली होती.

पाचव्या दिवशी दुपारी, शिखर दोन तासांवर असताना वारा फिरला. समोरचं काही दिसेना! एका गोठलेल्या तळ्यावरचा बर्फाचा पापुद्रा फुटला आणि भाची कमरेपर्यंत गार पाण्यात गेली. मामाने दोघांच्या कमरेला बांधलेला दोर ओढला. पुन्हा ओढला. ती बाहेर आली, पण चिंब भिजून.

कसाबसा तंबू उभा राहिला. मामाने तिला कोरडे कपडे घालायला लावले, दोन्ही स्लीपिंग बॅगांत कोंबलं आणि स्टोव्हवर बर्फ वितळायला ठेवला. तिचे दात वाजत होते, शब्द एकमेकांत अडकत होते. पाणी उकळायला पाऊण तास लागला. तोवर तो इतका दमला होता, की हात आपले आपणच चालत होते. त्याने पाणी दोन पेल्यांत ओतलं, पेले फिरवून गरम केले आणि ते पाणी तंबूबाहेर फेकून दिलं!

गरम पेयासाठी आधी पेला तापवायचा, ही तीस वर्षांची सवय. पण बारमध्ये नळ होता. स्वतःला शिव्या घालत तो आणखी बर्फ घ्यायला वळला, तोच स्टोव्ह फुरफुरला आणि विझला. गॅसची ती शेवटची डबी होती.

भांड्यात जेमतेम एका पेल्यापुरतं पाणी उरलं होतं. मामाने त्यात मध, लवंगा आणि लिंबू घातलं.

"व्हिस्की... घाल ना," भाची कशीबशी म्हणाली.

बाटलीचं बूच त्याने काढलंही होतं. मग त्याला एक गिऱ्हाईक आठवलं. 'मला थंडी वाजतच नाही' म्हणत ते कोट न घालता बारमधून निघालं आणि सकाळी पायऱ्यांवर सापडलं, ताठ झालेलं. दारूने ऊब वाटते, पण अंगातली ऊब निघून जाते. मामाने बूच परत लावलं.

"नाही घालणार. असंच पी."

"मग हा... काढाच झाला की."

"काढा समज. घोट घोट घे."

पेला संपल्यावर तो तिच्या पाठीला पाठ लावून पडला.

सकाळी आभाळ स्वच्छ! शिखर अगदी समोर उभं होतं.

"दोनच तास, मामा. जाऊन येऊ," भाची म्हणाली.

मामाचा जीव तिकडेच ओढत होता. पण प्यायला पाण्याचा थेंब नव्हता आणि तिचे बूट गोठून दगड झाले होते. "खाली," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं. आपण इथे पुन्हा येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी जंगलाच्या कडेला एका लाकडी खोलीत त्यांनी शेकोटी पेटवली. भाचीचे गाल लाल झाले होते, बोटं शाबूत होती. मामाने दोन पेले भरले आणि यावेळी सगळ्यात शेवटी व्हिस्की ओतली.

"उकळलेलं पाणी कुणी फेकून देतं का, मामा? डोकं कुठे ठेवलं होतंस?" वाटेत चारदा झालेली खरडपट्टी भाचीने पाचव्यांदा सुरू केली.

तिचा एकही शब्द अडखळत नव्हता. मामा पेला हातात धरून ती खरडपट्टी शेवटपर्यंत ऐकत राहिला.