डाव्या कानाची खूण

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास बारामतीतल्या कितीतरी घरांतून एकाच वेळी ढेकर ऐकू यायचा. लांबलचक, ओला, शेवटाला खरखरणारा. तो ‘ढेकरे बिऱ्हाड’ या कार्टून मालिकेतल्या काकांचा असायचा. फाटक्या बनियनवरचे, पोट सुटलेले हे काका, नाकात घातलेल्या बोटानंच मीठ चाखणारी त्यांची बायको आणि दोन शेंबडी पोरं, असं ते कुटुंब. दर भागाच्या शेवटी चौघं मटणाच्या ताटांवर तुटून पडायची, काका ढेकर द्यायचे आणि मालिका संपायची. पोरं खदाखदा हसायची. मोठी माणसं त्याहून जास्त हसायची.

योगिनीला त्या ढेकरानं मळमळायचं, पण तिचं कामच ते होतं. भिगवण रस्त्यावरच्या दोन खोल्यांत बसून ती एका वेबसाईटसाठी ‘तुमच्या नजरेतून निसटलेलं’ हे सदर लिहायची. चित्र थांबवून, पुढं-मागं करून बघायचं आणि लपवलेल्या गमती शोधून काढायच्या. काकांच्या भिंतीवरचं कॅलेंडर कायम एकतीस जून दाखवतं. बनियनला दर भागात एक भोक वाढतं. काकू भांडी घासते ती घासणी म्हणजे एका जुन्या मारधाडीच्या सिनेमातल्या खलनायकाची दाढी आहे, आणि पोरं गुणगुणतात ती धून पंचवीस वर्षांपूर्वीच्या साबणाच्या जाहिरातीतली. असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत, आणि याचा तिला गर्व होता. नवरा लखन लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, सात वर्षांची छकुली शाळेत. घर रिकामं झालं की योगिनी एका हातात चहा घेऊन ती घाण बारकाईनं चिवडत बसायची.

चूक झाली ती याच गर्वापायी. एका भागात काकांना स्वप्न पडलं की ते मेंढरं राखताहेत. शंभरेक मेंढरं काढली होती, आणि सगळ्यांचे कान कोरे. योगिनीचं माहेर कळंबचं. तिचे वडील कुंडलिक, म्हणजे आबा, यांनी वीस वर्षांपूर्वीपर्यंत मेंढरं राखली होती, मग कळप विकून पेरूची बाग केली. तिला कुठं राहवणार! तिनं सदरात ठसक्यात लिहिलं, की आमच्याकडच्या मेंढीचा कान असा कोरा नसतो. प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. आमच्या घराची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला मधोमध चीर आणि खालच्या कडेला दोन खाचे. एवढ्यावर न थांबता तिनं कागदावर कान काढून त्याचा फोटोही जोडला. शहाणपणाला काही सुमार असतो, पण तो त्या दिवशी तिला सापडला नाही.

दोन लाखांवर लोकांनी ते वाचलं. ‘ताई, तुमची खूण आता आम्हाला पाठ झाली’, असं कित्येकांनी खाली लिहिलं. मालिका करणाऱ्यांचंही पत्र आलं. आभार मानले होते, आणि पुढच्या वेळी दुरुस्ती करतो म्हटलं होतं.

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या रविवारी काकांच्या अंगणात एक मेंढी बांधलेली होती आणि तिच्या डाव्या कानाला चीर आणि दोन खाचे होते. योगिनीनं हरखून छकुलीला दाखवलं. शेवटी काकांनी ती मेंढी खाल्ली. हाडातला मगज चोखताना त्यांच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं. मग ढेकर.

सोमवारी सकाळी कळंबहून वडिलांचा फोन आला. हाताला सवय म्हणून आबांनी अजून तीन मेंढ्या ठेवल्या होत्या. त्यातली एक नव्हती.

“लांडगा असंल,” योगिनी म्हणाली.

“लांडगा आला असता तर बाकीच्या दोघी बिथरल्या असत्या. ह्या निवांत चरत्यात. दाराला कडी व्हती तशीच हाय.”

पुढच्या दोन रविवारी काकांनी आणखी दोन मेंढ्या खाल्ल्या. पुढच्या दोन सोमवारी आबांच्या आणखी दोन मेंढ्या गेल्या. योगायोग, असं योगिनी स्वतःला बजावत राहिली, पण तिसऱ्या सोमवारपासून तिला मटणाचा वास सोसेना. शेजारी कुणी फोडणी टाकली की ती खिडकी लावून घ्यायची आणि नाकाला पदर लावायची.

चौथ्या रविवारी काकांच्या अंगणात मेंढी नव्हती. एक म्हातारा होता.

तो मागच्या बाजूला कुंपणापाशी नुसता उभा होता. मालिकेत अशी फुकट उभी राहिलेली माणसं पुष्कळ असतात, कुणी बघत नाही. योगिनीनं चित्र थांबवलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात हिरवा मफलर होता. उजव्या हाताला तीनच बोटं. कळंबला आबांच्या समोरच राहणारा त्यांचा चुलतभाऊ रामहरी भर उन्हाळ्यातही हिरवा मफलर सोडत नसे, आणि त्याची दोन बोटं तरणेपणी गुऱ्हाळात गेली होती. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या डाव्या कानाला मधोमध चीर होती. खाली दोन खाचे होते.

तिनं मालिका पुढं जाऊ दिली. जाऊ द्यायला नको होती. चौघं जेवायला बसली. काकांच्या दातांत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी तोंडात बोटं घालून ते उपसायला सुरुवात केली. लाळेत भिजलेला, लांबच लांब धागा निघत राहिला. हिरवा, लोकरीचा. काकांनी तो ताटाच्या कडेला पुसला. छकुली टाळ्या पिटून हसली.

योगिनी मोरीत जाऊन ओकली. तोंड धुऊन पहिला फोन आबांना लावला.

“रामहरी तात्या कुठं हायत?”

“त्यो सकाळच्या पारीच नरसिंहपूरला गेलाय, दर्शनाला. येईल सांजच्याला.”

रामहरी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. देवळात कुणी त्याला पाहिलं नव्हतं. देवळाखालच्या भीमा-नीरेच्या संगमावर माणसं बुडी मारून दमली. इंदापूरला पोलिसांत तक्रार दिली.

योगिनीनं तो लेख पुसून टाकला आणि मालिकावाल्यांना पत्र लिहिलं, की ती खूण काढा. उत्तर लगेच आलं, फार अदबीनं लिहिलेलं. मेंढीची दुरुस्ती आम्ही केली, तिन्ही मेंढ्या आम्हीच काढल्या. पण तुम्ही म्हणता तसा म्हातारा आमच्या कुणी चित्रकारानं काढलेला नाही. तुमच्या पत्रानंतर आम्हीही तो भाग पुन्हा पाहिला. तो आहे खरा.

त्याच संध्याकाळी पुढच्या भागाची झलक लागली. पाच-सात सेकंदांची. काकू सुरीला धार लावते आणि मागं एक म्हातारा पेरूच्या क्रेटवर बसलाय. पांढरी टोपी. डोळ्याखाली काळा मस. तो मस योगिनीनं लहानपणी आबांच्या मांडीवर बसून शंभरदा बोटानं दाबला होता.

शुक्रवारी छकुलीला शाळेत सोडून तिनं कळंबला जायला इंदापूरची एसटी धरली. भवानीनगर गेलं, जंक्शन गाव आलं. उसाच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून येत होता आणि तिला सारखं वाटत होतं की हा वास त्या काकांच्या तोंडाचा आहे.

आबा बागेतच होते, क्रेट भरत. तिनं विचारपूस न करता त्यांची टोपी वर सारली.

डाव्या कानाच्या टोकाला चीर होती. खालच्या कडेला दोन खाचे.

“हे कधी झालं?”

आबांनी कान चाचपला. बोटं खाचांत गेली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

“ठावं न्हाय. दुखलं न्हाय कदी.”

जखम ताजी नव्हती. कडा मऊ, भरून आलेल्या, महिन्याच्या कोकराचा कान कापावा आणि तो तसाच मोठा व्हावा, तशा. योगिनीनं मग सगळं सांगितलं. आबांनी मालिका पाहिली नव्हती. ते हसले नाहीत, वेडी झालीस का म्हणाले नाहीत. एकच विचारलं.

“खूण कुणाकुणाला सांगितलीस?”

“लेखात लिवली, आबा. दोन लाख माणसांनी वाचली.”

आबा क्रेटवर टेकले.

“बाजारात दोघं एका मेंढीसाठी भांडाय लागले तर पंच काय इचारत्यात? कानाची खूण सांग म्हंत्यात. न बघता जो सांगंल, मेंढी त्याची. मग त्यो घिऊन जाऊ दे न्हायतर कापून खाऊ दे. म्हणून आमी खूण बाहेर बोलत न्हाय. तुझ्या आयला बी मी लगीन झाल्यावर दोन वर्सांनी सांगितली.”

“पण ती मेंढराची खूण हाय. माणसाची न्हाय.”

“तू लिवताना मेंढराची म्हणालीस का घराची?”

योगिनीला तिचंच वाक्य डोळ्यांसमोर दिसलं. आमच्या घराची खूण. तिला स्वतःची अशी शिसारी आली की दोन्ही हात मागं घेऊन ती उभी राहिली, आबांना शिवायचंही धाडस होईना.

“माजा बी कान बघा,” ती कसंबसं म्हणाली.

आबांनी तिचे दोन्ही कान उजेडाकडं वळवून पाहिले. “कोरं हायत. तू दिल्या घरची, म्हणून सुटली असशील.”

मग ते घरात गेले आणि लोकर कापायची कातर घेऊन आले.

“चोरीचं जनावर घावलं तर आमी कान छाटायचो. बुचा केला की कुणाचीच खूण लागू व्हत न्हाय. टोक धर.”

“आबा, डॉक्टरकडं जाऊ.”

“डाक्टरला काय सांगशील? धर म्हंतो न्हवं! डोळं झाक पायजे तर, पर कान सोडू नको.”

तिनं धरला. वीस वर्षांत त्या कातरीला धार कुणी लावली नव्हती. पहिल्या दाबात कान तुटला नाही. दुसऱ्यातही नाही. मटणातलं कुरकुरीत हाड चावताना येतो तसा आवाज तिसऱ्या वेळी आला आणि टोक तिच्या बोटांत राहिलं. कोमट. पेरूवरच्या माश्या उठून तिच्या मुठीवर बसल्या.

आबांनी हळद दाबली, टॉवेल बांधला आणि ते टोक लिंबाखाली पुरून आले. ओठ पांढरे पडले होते. “जा आता,” म्हणाले, “पोरगी शाळेतनं यायची येळ झाली.”

रविवारी तिनं छकुलीला खालच्या मजल्यावर खेळायला धाडलं आणि एकटीनं मालिका लावली.

म्हातारा आला. काकांनी त्याला मानेला धरून जवळ ओढलं आणि डाव्या कानावरची टोपी सारली.

कान बुचा होता.

काकांनी नासकं दूध तोंडाला लावल्यासारखं तोंड केलं, थुंकले आणि म्हाताऱ्याला ढकलून दिलं. म्हातारा कुंपणाबाहेर चालत गेला.

चौघं रिकाम्या ताटांपुढं बसली. बोटं चाटत राहिली. ढेकर आला नाही.

तिनं फोन लावला. आबा होते. ज्वारीची भाकरी कुस्करून खात होते आणि कान ठणकतोय म्हणून कुरकुरत होते. योगिनी फोन छातीशी धरून रडली. चार आठवड्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली आणि तिनं वरण-भात पोटभर खाल्ला.

भाग कुणालाच आवडला नव्हता. वेबसाईटवर लोक चिडून लिहीत होते. ‘हा काय शेवट झाला?’ ‘आमचीपण भूक राहिली की!’ एकानं तिच्या पुसलेल्या लेखाचा फोटो काढून ठेवला होता, तो त्यानं पुन्हा चिकटवला. खाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली होती. योगिनीनं ते बंद केलं. आबा वाचले होते, तिला बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं.

सोमवारी दुपारी ती छकुलीला आणायला शाळेच्या फाटकाशी गेली. नेहमीच्या आया उभ्या होत्या. छकुलीच्या वर्गातल्या शिवमची आई, प्राची, अगदी सालस बाई. कुणाचं पोर पडलं तर आधी धावणारी. तिनं योगिनीला बघून हात केला.

छकुली दप्तर उडवत पळत आली आणि मधेच प्राचीपाशी थांबली. प्राचीनं कौतुकानं तिला जवळ घेतलं. कानावर आलेले तिचे केस मागं सारले, डावीकडचे, आणि कानाच्या टोकाची चीर, खालचे दोन खाचे क्षणभर बघितले. मग तिचा हात पोरीच्या पाठीवरून खाली आला. कमरेच्या वर, मणक्याच्या एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं ठेवून तिनं दाबून पाहिलं. एकदा वर, एकदा खाली. बकऱ्या-मेंढरांच्या बाजारात गिऱ्हाईक अंगात मांस किती भरलंय हे चाचपतं, तसं.

बाकीच्या आया उभ्या राहून बघत होत्या.

प्राची त्यांच्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “दिवाळीपर्यंत थांबू या.”