प्लेटवरचा नंबर

आमचं पहिलं बोलणं भांडणानेच सुरू झालं, आणि त्यात माझी काडीचीही चूक नव्हती.

बाहेर पाऊस कोसळत होता. प्रयोगशाळेत माझं मशीन हाड जोडायची एक धातूची प्लेट दाबत होतं, सोडत होतं. माणूस चालताना तिच्यावर जसा भार येईल तसाच — लाखो वेळा, न थांबता. मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून, हा आमच्याकडचा नियम. तेवढ्यात एक उंच माणूस दार ढकलून आत आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आपली ओली छत्री मशीनच्या पुढे आलेल्या लाल बटणावर अडकवली.

मशीन थांबलं.

"अहो—" मी छत्री ओढून काढली. "ती खुंटी नाही."

"मग खुंटीसारखी का दिसते?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

प्लेट त्याचीच निघाली. कारखान्यात तोच त्या प्लेट आखायचा. स्वतःच्याच मालाची चाचणी स्वतःच्याच छत्रीने बंद पाडणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याला 'छत्रीवाले' म्हणू लागलो.

चाचणी पुन्हा लावली, तर प्लेट तुटली. तो लगेच हजर.

"तुमचं मशीन जरा जास्तच जोर लावतं का हो, तपासनीस बाई?"

"मशीनचं तुमच्याशी काही वैर नाही."

"आणि तुमचं?"

मी उगाच मशीनच्या काट्याकडे बघत राहिले. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते, आणि ते पुसायचंही या माणसाला सुचत नव्हतं.

दुसरी प्लेटही तुटली. त्या दिवशी जेवताना माझी बडबड ऐकून ताई म्हणाली, "ज्याचा एवढा राग येतो, त्याचंच नाव घासागणिक?" मी तिच्याशी बोलणंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला, पण यावेळी भांडला नाही. स्टुलावर बसून राहिला. "तिसरीही तुटली तर हे काम बंद," तो म्हणाला. "मला दुसऱ्या गावच्या कारखान्यात पाठवतायत... बिजागऱ्या आखायला."

मग मी दोन्ही प्लेटचे तुकडे शेजारी शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. दोन्ही तडे एकाच जागेवरून निघाले होते. मधोमध, स्क्रूच्या छिद्रालगत, कोरलेल्या नंबरातून.

"हा नंबर कोण कोरतं?"

"मी. हाताने." आवाजात अभिमान होता. "मधोमध असला की पटकन दिसतो."

"जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथे? आणि इतका खोल?"

"पुसला जाऊ नये म्हणून..."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तिथे नुसता ओरखडा उठला तरी तड्याला वाट मिळते. नंबर टोकाला लिहा. आणि हलक्या हाताने."

त्याचा चेहरा उतरला. हा चेहरा असा उतरलेला बघायची मला केव्हाची इच्छा होती, आणि आता बघवेना. मी माझा चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. बोटांना बोटं लागली... आणि कुणीच घाईने हात मागे घेतला नाही.

टोकाला नंबर असलेली तिसरी प्लेट मशीनवर लागली. तो रोज डोकावू लागला, छत्री लहान मुलासारखी कडेवर घेऊन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्लेट तुटली तर हा गावच सोडून जाणार, आणि टिकली तर याला इथे यायचं कारणच उरणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मला तो आवडत होता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता.

प्लेट टिकली.

तो आला, हसला, मग प्लेटकडे बघत घुटमळत राहिला. "आता ही कुणाच्या पायात बसणार?"

"छे. एवढं सोसलेली प्लेट माणसाला बसवत नाहीत. ही आता आमच्या कपाटात राहणार."

"मग थांबा जरा."

त्याने खिशातून कोरायची लेखणी काढली, माझ्याकडे पाठ केली, काहीतरी खरडलं आणि प्लेट माझ्या तळहातावर ठेवली. छिद्रालगत, अगदी मधोमध, काहीतरी होतं खरं, पण वाचता येईना. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागली.

'उद्या प्लेट नसली तरी येऊ?'

माझे कान तापले. त्यातही रागच आधी आला.

"हे काय? एवढं फिकट लिहितात?"

"तुम्हीच म्हणालात ना... हलक्या हाताने."

"ते भार घेणाऱ्या प्लेटसाठी. हिला आता कुणाचा भार घ्यायचाय?" मी प्लेट त्याच्यापुढे धरली. "पुन्हा कोरा. चांगलं खोल. पुसलं जाता कामा नये."