समताच्या मनगटावरचं पित्त

मेहकरच्या आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षांपासून सिस्टर आहे. समता दोन वर्षांपूर्वी आली. तरी पेशंट म्हणायचे, "सुई समताबाईच्याच हातची द्या."

त्या सकाळी बाळंतपणानंतर रक्त जाऊन जाऊन कोकिळा पांढरीफटक पडली. रक्ताची पिशवी बुलढाण्याहून यायची होती. जुळवणीसाठी नमुना काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तोवर जिलेटिनचं सलाईन लावा. रक्त नाही ते, पण नसांत पाणी धरून ठेवतं. प्रेशर टिकेल. अंगावर पित्त उठलं तर मात्र लगेच बंद."

समता कोकिळाचा हात धरून बसली. प्रेशर चढलं. दहाएक मिनिटांनी पित्त उठलंच. लाल, जाड गांधी.

समताच्या मनगटावर. कोकिळाचं अंग स्वच्छ होतं.

समतानं बाही खाली ओढली. "होते असं कधीकधी. कोणाले सांगू नका, रेणुकाताई."

मला भीती वाटायला हवी होती. मी जळले. हिलाच काऊन?

चार दिवसांनी निवृत्तीआजोबांना आणलं, रक्ताच्या उलट्या होत होत्या. तेच सलाईन. समता जेवायला गेली होती. मी आजोबांचा हात घट्ट धरून माझ्याच मनगटाकडे बघत राहिले. काही उठलं नाही.

आजोबांची नजर दाराकडे. "समताले बोलवा ना."

म्हाताऱ्या काळजाला सलाईन सावकाश द्यायचं असतं, नाहीतर पाणी फुप्फुसात उतरतं. हे मला पाठ आहे. मी नळीवरचं चाक पूर्ण उघडलं.

बाटली उतरत गेली. आजोबांचा श्वास संथच होता.

शेजारच्या खोलीत जेवणाचा डबा पडला.

समता भिंतीला टेकून खाली बसली होती. ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस.

"हळू सोडा, ताई," एवढंच म्हणाली.

मी धावत जाऊन चाक बंद केलं. बाटलीत काही उरलं नव्हतं.

एक्स-रेत तिची फुप्फुसं पाण्यानं भरलेली दिसली. "हिला सलाईन कोणी लावलं?" डॉक्टर पुन्हापुन्हा विचारत होते. कोणीच लावलं नव्हतं. चाकाचं मी बोलले नाही. अकोल्याला नेताना ती वाटेतच गेली.

आजोबा चालत घरी गेले.

पुढच्या सोमवारी मी वच्छलाबाईंना सुई लावली. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, ते उघडले आणि हसल्या.

"लय हलका हात हाये बाई तुमचा. टोचलंच नाही मले."

मी चिकटपट्टी लावली. माझ्या कोपराच्या खळगीतून रक्ताचा एक थेंब बोटांपर्यंत ओघळत आला होता.