गुडघ्यावरचा ठसा

आमच्या अतिदक्षता विभागात सगळे कॅन्सरचेच रुग्ण. केमोने त्यांच्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या असतात, की रक्तात जंतू शिरले तरी कित्येकांना तापसुद्धा येत नाही. सेप्सिस म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटणं, आणि ते येतं मांजराच्या पावलांनी. मॉनिटरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तो उशीर कमी करता येईल का, यावर माझं संशोधन चालू होतं. पद्धत अगदी साधी. पांघरूण दुमडायचं, गुडघ्याच्या वाटीवर बोटाने दाबायचं, बोट उचलायचं. कातडी पांढरी पडते. पुन्हा लाली यायला वेळ लागला, तर समजायचं की रक्त मागे हटतंय.

हात धुताना मी नामस्मरण करते. ठरलेलं नाम पुरं झाल्याशिवाय नळ बंद करत नाही.

"मॅडमच्या हातावरचे जंतू पुण्य कमावून मरतात," असं आमच्या सिस्टर म्हणायच्या.

त्या रुग्णांपैकी एक काका बसचे ड्रायव्हर होते. रक्ताचा कॅन्सर. घरात ते आणि त्यांची लेक, बस्स. तिने मला एकच विचारलं होतं, "बाबा घरी येतील ना?" मी 'हो' म्हणाले नव्हते, पण देवापाशी तेवढंच मागत होते.

त्या दुपारी मी पांघरूण दुमडलं.

"काय मॅडम, ब्रेक तपासताय?" काका म्हणाले.

मी हसणार होते. पण वाटीवर आधीच एक पांढरा ठसा होता. बोटाच्या पेराएवढा, लांबट. माझ्यादेखत तो कडेकडेने लाल होत गेला, आत्ताच कोणी बोट उचलल्यासारखा.

"सिस्टर, यांना कोणी तपासलं का आत्ता?"

"नाही हो. मी इथेच तर आहे."

"काका, गुडघा कोणी दाबला?"

"तुम्हीच की," काका म्हणाले.

मी अजून त्यांना हातही लावला नव्हता.

रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता. तरी मी आमच्या विभागप्रमुख सरांना बोलावलं. "सर, रक्ताचे नमुने घेऊन अँटिबायोटिक सुरू करू या."

"कशावरून?"

"गुडघा मला बरा दिसत नाही."

"आज गुडघा बोलला, उद्या कोपर बोलेल," सर म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

दिवेलागणीला काकांचा रक्तदाब कोसळला. व्हेंटिलेटर लावावा लागला. औषध आधीच अंगात गेलं होतं, म्हणून निभावलं. काचेपलीकडे लेक हात जोडून उभी होती. सर जाता जाता म्हणाले, "तुमच्या गुडघ्याला सलाम." मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काका गुंगीच्या औषधाखाली होते. बोट हलवायची ताकद नव्हती त्यांच्यात. मी पांघरूण दुमडलं.

ठसा होता. या खेपेला तो विरत नव्हता.

बोट अजून उचललंच नव्हतं जणू.

मी वाकले. खिडकीतला उजेड तिरपा पडला होता. दाबल्यावर कातडीत खळगा पडतो. हा खळगा नव्हता. उंचवटा होता.

वाटीवर कातडी असते आणि खाली लगेच हाड. मधे काही मावायला जागा नसते.

मी उंचवट्यावर बोट टेकवलं.

खालून कोणीतरी दाबलं.

ती नाडी नव्हती. ठोका नव्हता त्यात. संथ, एकसारखा दाब. मी रोज देते तेवढाच.

ओठांवर नाम आलं. ते सुटू दिलं नाही. बोटही काढलं नाही.

"सिस्टर, मॉनिटर बघा."

"छान आहे की. प्रेशर चढतंय."

किती वेळ गेला कोण जाणे. खालचा दाब हळूहळू सैल झाला. मी बोट उचललं. लाली लगेच परतली.

काका सुधारले. व्हेंटिलेटर निघाला, पेशी वाढल्या. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मलाच खाटेवर निजवलं असतं. घरी जाताना लेकीला शिकवलं, जसं सगळ्यांच्या नातेवाइकांना शिकवते तसंच: रोज सकाळ-संध्याकाळ गुडघा दाबून बघ, लाली उशिरा आली तर तडक घेऊन ये. तिने माझ्यासमोर करून दाखवलं. हात हलका होता तिचा.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"मॅडम, बाबा एकदम मस्त. जेवतात, माझ्याशी भांडतात."

"आणि गुडघा?"

"बघते ना रोज. लाली पटकन येते." ती हसली. "पण बाबा लबाड आहेत हं. झोपेचं सोंग घेतात, आणि मी दाबलं की आतून हळूच उलटं दाबतात."

"आतून?" मी विचारलं.

"आधी गुडघ्यावरच करायचे," ती म्हणाली. "काल नुसता कपाळावर हात ठेवला, तर तिथेही."